धावपटू एरिक लिडेल : श्रम, संयम आणि विसावा

शरीर कमवावे की आत्म्याची जोपासना करावी, असा प्रश्न आपल्या मंडळ्यांतील तरुण पुष्कळदा विचारतात. कित्येकांस वाटते की, तालमीत घालविलेला वेळ हा प्रार्थनेतून चोरलेला वेळ होय. दुसरे कित्येक तालमीच्या इतके आहारी जातात की, प्रभुवारी उपासनेची घंटा वाजली तरी त्यांचे पाय आखाड्यातून निघत नाहीत. या दोन्ही पक्षांनी स्कॉटलंडचे विख्यात धावपटू व चीन देशातील मिशनरी एरिक लिडेल यांच्या चरित्राचे मनन करावे.

एरिक यांचा जन्म १६ जानेवारी १९०२ रोजी चीनमधील तिएन्त्सिन शहरी झाला. त्यांचे आईबाप लंडन मिशनरी सोसायटीचे सेवक होते. एरिक लहान असतानाच त्यांना व वडील बंधू रॉबर्ट यांना इंग्लंडमध्ये मिशनऱ्यांच्या मुलांच्या शाळेत ठेवून आईबाप पुन्हा आपल्या सेवेस परतले. १९२० साली एरिक एडिंबरो येथील विश्वविद्यालयात विज्ञानाचे अध्ययन करू लागले. तेथेच त्यांच्या वेगाची कीर्ती पसरली. रग्बी नावाच्या चेंडूच्या दांडग्या खेळात ते स्कॉटलंडच्या वतीने सात सामने खेळले. परंतु पुढे धावणे हेच त्यांचे मुख्य क्षेत्र झाले.

केवळ जोमाने शर्यत जिंकता येत नाही, हे त्यांना आरंभीच कळून आले. शर्यतीपूर्वी मित्रांसह सायकलवर दूरचा डोंगराळ प्रवास केल्याने त्यांचे पाय आखडून गेले होते. टॉम मॅकर्चर या अनुभवी शिक्षकाने त्यांना हाती धरले. ताठरलेले स्नायू मर्दनाने मऊ कसे करावे, धावण्यापूर्वी अंग हळूहळू कसे तापवावे, शर्यत संपताच एकदम न थांबता वेग क्रमाने कसा उतरवावा, हे त्याने शिकविले. श्रम आणि विसावा हे एकमेकांचे वैरी नसून जोडीदार आहेत, हा धडा एरिक यांना अशा रीतीने मैदानावरच मिळाला. जुलै १९२३ मध्ये त्यांनी १०० यार्डांचे अंतर ९.७ सेकंदांत तोडले. तो ब्रिटनमधील उच्चांक अनेक वर्षे टिकला. त्याच महिन्यात ४४० यार्डांच्या शर्यतीत आरंभीच धक्का लागून ते खाली पडले. तरी उठून, पुढे गेलेल्या सर्वांस गाठून त्यांनी जय मिळविला.

त्याच वर्षी एप्रिल महिन्यात त्यांच्या जीवनास नवे वळण लागले. खाणकामगारांच्या आर्माडेल गावी एका सुवार्तासभेत त्यांनी प्रथमच उघडपणे साक्ष दिली. स्वभावाने ते लाजाळू होते व भाषणात अलंकार नव्हता. तरी त्यांच्या साध्या शब्दांवर लोकांचा विश्वास बसे.

मग कसोटीची वेळ आली. १९२४ साली पॅरिस येथे ऑलिंपिक सामने व्हावयाचे होते. १०० मीटरांची शर्यत ही एरिक यांची हातखंडा शर्यत. परंतु तिच्या प्राथमिक फेऱ्या रविवार, ६ जुलै या दिवशी ठरल्या होत्या. बोटीवर चढताना त्यांस हे कळले असे १९८१ सालच्या एका प्रसिद्ध चित्रपटात दाखविले आहे. पण खरी गोष्ट तशी नाही. त्यांना कित्येक महिने अगोदर ठाऊक होते व त्यांनी शांतपणे नकार कळविला होता. चार जणांच्या सांघिक शर्यतीही रविवारी येत असल्याने त्यांनी त्याही सोडल्या. वर्तमानपत्रांतून टीका झाली, देशाभिमान नाही असा ठपका आला. त्यांनी कोणाशी वाद घातला नाही. ते ४०० मीटरांच्या शर्यतीची तयारी करू लागले.

१०० मीटरांचे सुवर्णपदक इंग्लंडच्या हॅरल्ड एब्राहम्स यांस मिळाले. एरिक यांस ९ जुलै रोजी २०० मीटरांत तिसरा क्रमांक मिळाला, आणि ११ जुलै रोजी ४०० मीटरांची शर्यत ४७.६ सेकंदांत जिंकून त्यांनी जगाचा नवा उच्चांक केला.

वाचकहो, येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. प्रभुवार पाळला म्हणून देवाने पदक दिले, असा सौदा या गोष्टीतून काढू नये. सोडलेली शर्यत त्यांना पुन्हा कधी मिळाली नाही. आज्ञा पाळूनही हरणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांचे आज्ञापालन व्यर्थ नाही. जो मनुष्य आपल्या आवडीच्या गोष्टीस आठवड्यातून एक दिवस थांब म्हणू शकतो, तो तिचा दास नाही, एवढेच येथे दिसते. चौथ्या आज्ञेत तर धन्याबरोबर चाकराला व बैलालाही विसावा आहे. सात दिवस जू न उतरविणाऱ्या शेतकऱ्याचा बैल किती काळ चालेल, हे आपणांस सांगावयास नको.

१९२५ साली, कीर्ती शिखरावर असताना, एरिक चीनला गेले. तिएन्त्सिन येथील मिशनच्या विद्यालयात त्यांनी विज्ञान शिकविले व मुलांकडून खेळांचा सराव करून घेतला. १९३२ साली त्यांस पाळकपदाची दीक्षा मिळाली व १९३४ साली फ्लॉरेन्स मॅकेंझी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९३७ पासून सियाओचांगच्या खेड्यांत, दोन सैन्यांच्या मध्ये, ते सायकलीवरून गावोगाव फिरत. मैदानावर कमावलेले पाय आता मंडळ्यांच्या भेटीस व जखमींच्या साह्यास उपयोगी पडले. १९४१ साली त्यांनी गरोदर पत्नीस व दोन कन्यांस कॅनडास पाठविले. तिसऱ्या कन्येचे मुख त्यांनी कधीच पाहिले नाही.

१९४३ साली जपानी अंमलाने त्यांना वेइशिएन येथील छावणीत बंदिस्त केले. अन्न अपुरे व जागा दाटीची होती. पहाटे लहानशा दिव्याच्या उजेडात ते एका सोबत्याबरोबर शास्त्रवाचन व प्रार्थना करीत. मग दिवसभर मुलांस शिकविणे, खेळ घेणे, म्हाताऱ्यांची ओझी वाहणे चाले. रविवारी तेथे खेळ बंद असत. पण मोकळी मुले आपसांत खेळून मारामारी करू लागली, तेव्हा ज्याने प्रभुवारासाठी पदक सोडले होते, तोच पंच म्हणून रविवारी मैदानावर उभा राहिला. शब्बाथ मनुष्यासाठी आहे, हे प्रभूचे शिक्षण त्यास उमगले होते. स्वतःच्या गौरवासाठी जे केले नाही, ते मुलांच्या भल्यासाठी केले.

पुढे त्यांचे डोके दुखू लागले. अतिश्रमाचा हा परिणाम असावा असे प्रथम वाटले. पण मेंदूत गाठ झाली होती. २१ फेब्रुवारी १९४५ रोजी, वयाच्या ४३ व्या वर्षी, छावणीची सुटका होण्यापूर्वी सहा महिने ते प्रभूमध्ये निजले.

जगातील अत्यंत वेगवान शरीरही मातीचेच पात्र होय. म्हणून, तरुणांनो, जोर काढा, धावा, अंग बळकट करा. रात्री पुरती झोप घ्या आणि प्रभुवारी थांबा. शरीराचा तिरस्कार नको व त्याची पूजाही नको. ते सेवेसाठी दिलेले आहे; तयार ठेवा, म्हणजे शेजाऱ्याने रात्री दाराशी येऊन हाक मारली, तर उठून त्याच्याबरोबर जाता येईल.