ग्रंथवेडा कारकून

लंडन शहरातील एक शनिवारची रात्र. दहाचा सुमार झाला होता. कोव्हेंट गार्डन भागातील बार्कर नावाच्या म्हाताऱ्या ग्रंथविक्रेत्याने दुकान बंद करून झोपण्याची तयारी चालविली होती. इतक्यात दारावर थाप पडली. कुरकुरतच त्याने दार उघडले. बाहेर किरकोळ अंगाचा एक कारकून उभा होता. त्याला एक ग्रंथ हवा होता. आणि तो सोमवारी नव्हे, आता या घटकेला हवा होता. म्हाताऱ्याने मिणमिणता दिवा हाती घेतला, धुळीने भरलेल्या ढिगातून एक जाडजूड ग्रंथ ओढून काढला आणि गिऱ्हाइकाच्या स्वाधीन केला.

शेक्सपिअरच्या काळातील बोमाँट आणि फ्लेचर या दोन नाटककारांच्या नाटकांचा तो संग्रह होता. किंमत पंधरा-सोळा शिलिंग. म्हणजे त्या कारकुनाच्या मानाने भलतीच मोठी. कित्येक आठवडे त्याचा डोळा त्या ग्रंथावर होता. घरी बहिणीबरोबर खल चाले, शिलकीचा हिशेब होई, पण निश्चय होत नसे. त्या शनिवारी रात्री तो एकाएकी झाला आणि उशीर तर होणार नाही ना, या धास्तीने तो दूरच्या इझ्लिंग्टनहून तडक चालत निघाला. ग्रंथ घरी नेताना ते ओझे दुप्पट असते तरी बरे झाले असते, असे त्याला वाटले. घरी पोहोचताच भावाबहिणीने पानन्‌पान तपासले. काही पाने सुटली होती. ती बहिणीने रात्रीच खळ लावून चिकटविली, कारण उजाडेपर्यंत थांबण्यास भाऊ तयार नव्हता! एवढी उधळपट्टी केल्याची टोचणी मनाला लागू नये म्हणून त्याने आपला विटलेला, जुना पोशाख आणखी चार-पाच आठवडे अंगावर वागविला.

हा कारकून म्हणजे इंग्रजी भाषेतील थोर निबंधकार चार्ल्स लँब. ही हकीकत त्यानेच आपल्या एका निबंधात रंगविली आहे. तेथे त्याने स्वतःस एलिया आणि बहिणीस ब्रिजेट अशी नावे दिली आहेत. परंतु नावांच्या पडद्याआड कोण आहे, हे जाणकार वाचकांपासून लपून राहिले नाही.

लँबचा जन्म १० फेब्रुवारी १७७५ रोजी लंडनमध्ये झाला. त्याचे वडील सॅम्युएल सॉल्ट नावाच्या एका वकिलाच्या पदरी कारकून होते; किंबहुना कारकून आणि घरचा नोकर अशी दोन्ही कामे ते करीत. घरात पैसा नव्हता. परंतु मालकाचा ग्रंथसंग्रह मोठा होता आणि त्याचे दार नोकराच्या मुलांना बंद नव्हते. चार्ल्सहून दहा वर्षांनी मोठी असलेली बहीण मेरी हिने त्यास वाचावयास शिकविले. त्या संग्रहात शिरून ही भावंडे हाती लागेल ते वाचीत. हे आधी, ते नंतर, असे सांगणारे तेथे कोणी नव्हते. आम्ही शिक्षक मंडळी मुलांच्या हाती इयत्तेप्रमाणे पुस्तके ठेवतो, आणि ते गैर आहे असे नाही; परंतु लँबचे वाचन इयत्तेच्या शिडीने चढले नाही, एवढे खरे.

सातव्या वर्षी त्याला ख्राइस्ट्स हॉस्पिटल या गरीब मुलांसाठी चालविलेल्या शाळेत घालण्यात आले. तेथे पुढे महाकवी म्हणून गाजलेल्या कोलरिजशी त्याची मैत्री जुळली, ती जन्मभर टिकली. कोलरिज विद्यापीठात गेला. लँब मात्र जाऊ शकला नाही. त्या शाळेतून विद्यापीठात जाणाऱ्यांनी पुढे धर्मोपदेशक व्हावे अशी अपेक्षा असे आणि लँब तर बोलताना अडखळत असे. तोतरा मुलगा प्रवचन कसे करणार? चौदाव्या वर्षी त्याची शाळा सुटली.

१७९२ मध्ये, सतराव्या वर्षी, तो ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधील कचेरीत हिशेबनीसांच्या हाताखाली चिकटला. पहिली तीन वर्षे उमेदवारीची. त्यात पगार नव्हता. चहा, नीळ, रेशीम, कापड यांचे आकडे खतावण्यांत उतरवीत त्याने तेथे तेहतीस वर्षे काढली. याच कंपनीने १८१८ मध्ये पेशवाई बुडविली. आपल्याकडे पेशवाईचा शेवट झाला, त्या वर्षीही लँब कंपनीच्याच चोपड्यांवर मान मोडून बसलेला होता. त्याच वर्षी त्याच्या लेखनाचे दोन खंडही प्रसिद्ध झाले. परंतु आपले खरे ग्रंथ म्हणजे कचेरीच्या फळीवरच्या त्या जाड खतावण्या होत, असे तो थट्टेने म्हणे.

या कुटुंबावर १७९६ च्या सप्टेंबर महिन्यात मोठा घाला पडला. मेरी घर चालविण्यासाठी शिवणकाम करी. दुखणाईत आई आणि थकलेले वडील यांची शुश्रूषा, वर अखंड शिवण, या श्रमांनी तिच्या मनाचा तोल गेला आणि भ्रमाच्या भरात तिच्या हातून आईचा मृत्यू घडला. तिला जन्मभर वेड्यांच्या इस्पितळात ठेवावे, असे अनेकांना वाटले. त्या वेळी अवघ्या एकवीस वर्षांच्या चार्ल्सने तिची जबाबदारी पत्करली. मेरी शुद्धीवर असे तेव्हा तिच्याइतकी समंजस आणि प्रेमळ स्त्री विरळा. परंतु विकार अधूनमधून उलटे. त्याची चाहूल लागली की ती दोघे हातात हात घालून, डोळे पुशीत इस्पितळाची वाट चालू लागत. काही आठवड्यांनी ती बरी होऊन परत येई. चार्ल्सने लग्न केले नाही.

दिवस कचेरीचा, रात्र बहिणीच्या चिंतेची. अशा आयुष्यात या माणसाचे स्वतःचे असे काय उरले होते? उरला होता तो ग्रंथांचा फडताळ आणि त्यातील कोणता ग्रंथ केव्हा काढावा, याची मुखत्यारी. ती मात्र त्याने कोणाच्याही हाती दिली नाही.

वाचनाला वेळ आणि मनाची लहर पाहावी लागते, असे त्याचे मत होते, आणि त्यावर त्याने १८२२ मध्ये एक सुंदर निबंध लिहिला. जेवणाची पाने मांडली जात आहेत, पाच मिनिटे कशीबशी काढावयाची आहेत, अशा वेळी कोणी दीर्घ, गंभीर काव्य उघडतो काय? मिल्टन वाचावयाचा तर आधी मन शांत व्हावे, जणू देवळातले संगीत कानी पडावे. शेक्सपिअरच्या अद्भुतरम्य नाटकांना हिवाळ्यातली रात्र आणि बंद दारे हवीत. तीसुद्धा मोठ्याने वाचावी, ऐकावयास फार तर एखादे माणूस असावे. वाटेल ते वाचण्याची त्याची तयारी असे. मात्र पंचांगे, कायद्यांचे संग्रह, पत्त्यांच्या याद्या हे पुस्तकाचा वेष घेतलेले कागद होत, असे तो मानी. त्या यादीत त्याने गिबनसारख्या इतिहासकारालाही बसविले आहे. हे मला काही पटत नाही. परंतु लहरी वाचकाशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

मेरीची लहर निराळी. तिला गोष्ट हवी असे. दिव्याच्या एका बाजूस चार्ल्स जुन्या बर्टनच्या ग्रंथातला शेकडो वेळा वाचलेला उतारा पुन्हा घोळवीत बसे आणि दुसऱ्या बाजूस मेरी एखाद्या नव्या कादंबरीत बुडून जाई. याच दोघांनी मिळून शेक्सपिअरच्या नाटकांच्या गोष्टी मुलांसाठी लिहिल्या. १८०७ मध्ये निघालेले ते पुस्तक आजही वाचले जाते. त्यातील वीस गोष्टींपैकी चौदा मेरीने लिहिल्या होत्या, परंतु पहिल्या आवृत्तीवर तिचे नाव छापलेले नव्हते.

लँबचे ग्रंथ दिसावयास अगदी दरिद्री होते. पुठ्ठे फाटलेले, कोपरे झिजलेले. इतके उत्तम ग्रंथ इतक्या वाईट स्थितीत दुसरीकडे सापडणार नाहीत, असे क्रॅब रॉबिन्सन या त्याच्या मित्राने लिहून ठेवले आहे. लँबला त्याची खंत नव्हती. अनेकांच्या बोटांनी मळलेले पान त्याला अधिक आवडे. दिवसभर शिवण करून थकलेल्या एखाद्या मुलीने रात्री ते उलगडले असेल, असे त्याच्या मनात येई. होमरच्या काव्याच्या एका जुन्या इंग्रजी भाषांतराचे तो चुंबन घेत असताना ली हंट या दुसऱ्या मित्राने त्यास पाहिले होते. विकत घेण्यास पैसे नसल्यामुळे रस्त्यावरच्या दुकानापाशी उभ्याउभ्या, दुकानदाराची नजर चुकवीत दोन-दोन पाने वाचणाऱ्यांविषयी तर त्याला फार कळवळा. असा एकजण रोज थोडे थोडे वाचून एका मोठ्या कादंबरीचे दोन भाग संपवीत आला, तेव्हा कोठे दुकानदाराने त्याला हटकले, अशी एक गंमत त्याने सांगितली आहे.

ग्रंथ उसने नेणाऱ्यांनी त्याला फार छळले. कोलरिज हा त्यांचा म्होरक्या! त्याच्यामुळे फडताळात दात पडल्यासारख्या फटी दिसू लागत. परंतु नेलेला ग्रंथ तो कधी परत करीच, आणि तोही समासात आपल्या टिपा लिहून. टिपांनी ग्रंथाची किंमत तिपटीने वाढते, असे लँबचे म्हणणे. तुम्ही मात्र वाचनालयाच्या पुस्तकावर हा प्रयोग करू नये. प्रत्येकजण कोलरिज नसतो.

पुढे त्याचा पगार वाढला. मनात येईल तो ग्रंथ घेण्याइतका पैसा हाती आला. पण आरंभी सांगितलेल्या त्याच निबंधात बहीण त्याच्याकडे एक गोड तक्रार करते: आता तू वाटेल तो ग्रंथ घेऊ शकतोस, पण पूर्वीसारखा एखादा जुना ग्रंथ उराशी धरून घरी आलेला काही दिसत नाहीस. भाऊ तिला म्हणतो की, पैसा हवाच. आता आपले वय झाले. तरीही ते दिवस आणि ती रात्र परत मिळावी म्हणून मोठी संपत्ती देण्याची त्याचीही तयारी आहे.

१८२५ च्या मार्चमध्ये कंपनीने त्यास दोन तृतीयांश पगाराएवढे निवृत्तिवेतन देऊन मोकळे केले. सारा दिवस आपला! पहिले काही दिवस तो गोंधळूनच गेला. मग त्याने काय करावे? ब्रिटिश म्युझियममध्ये जाऊन तेथील जुन्या नाटकांचा प्रचंड संग्रह नेमाने वाचावयास आरंभ केला. कचेरीची सवय अशी सहजासहजी सुटत नाही.

पुढे ही भावंडे लंडनबाहेर एन्फील्ड येथे राहावयास गेली. शेजारी वेस्टवुड नावाच्या कुटुंबात तुमच्याच वयाचा एक मुलगा होता. लँबने त्याला आपले फडताळ मोकळे करून दिले. नव्या लेखकांनी भेट दिलेले, परंतु आपणास न रुचलेले ग्रंथ लँब घरात साठवीत नसे. ते सफरचंदाच्या झाडांच्या फांद्यांतून उडत त्या मुलाच्या पायाशी येऊन पडत, नाही तर जिन्यावरून गडगडत त्याच्यामागे येत. त्या मुलानेच मोठेपणी, स्वतः कवी झाल्यावर, ही आठवण सांगितली.

१८३४ च्या जुलैमध्ये कोलरिज वारला आणि लँबचे मन खचले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये फिरावयास गेला असता तो ठेचकाळून पडला. तोंडास झालेली जखम चिघळली आणि २७ डिसेंबर रोजी त्याचा अंत झाला. ज्या बहिणीसाठी त्याने सारे आयुष्य वेचले, ती त्याच्यामागे बारा वर्षांहून अधिक जगली. १८४७ मध्ये तिला त्याच्याच शेजारी मूठमाती देण्यात आली.

त्याचे ग्रंथ पांगले. त्यांतील सुमारे साठ ग्रंथ १८४८ मध्ये समुद्रापार न्यूयॉर्कला विक्रीस गेले. फाटके पुठ्ठे, मळकी पाने. परंतु ते लँबचे होते म्हणून लोकांनी ते हौसेने घेतले. बोमाँट आणि फ्लेचर यांचा त्याचा तो जाडजूड ग्रंथ मात्र लंडनमध्येच राहिला. तो तेथील ब्रिटिश लायब्ररीत जपून ठेवलेला आहे आणि त्याच्या समासांत कोलरिजच्या हातच्या टिपा आहेत.