आ करा! : डॉ. वसंत रामजी खानोलकर यांची ओळख

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून दे, असा निरोप आला तेव्हा शाळेच्या आठवणी लिहायला आपल्यात बरेच हुशार हात आहेत, हे मला ठाऊक होतं. मी अंधेरीत दातांचा दवाखाना चालवतो. दिवसभर लोकांना आ करायला सांगणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. तेव्हा ज्या माणसाने भारतीयांच्या तोंडातला कर्करोग सूक्ष्मदर्शकाखाली धरून त्याचं मूळ शोधायचा ध्यास घेतला, त्याच्याविषयीच लिहावं असं ठरवलं. नाव डॉ. वसंत रामजी खानोलकर. आपल्या शिक्षकांपैकी काहींना ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू म्हणून आठवत असतील. आपल्या बॅचला मात्र बहुधा नावही माहीत नाही.

खानोलकरांचा जन्म 13 एप्रिल 1895 रोजी क्वेट्ट्याला झाला. कुटुंब मूळ गोमंतकीय, वडील शस्त्रवैद्य. वसंतराव लंडन विद्यापीठात शिकले आणि 1923 मध्ये विकृतिशास्त्रात एम.डी. झाले. विकृतिशास्त्र म्हणजे रोगाने शरीरात नेमका काय बिघाड केला, हे ऊतींत आणि पेशींत शिरून पाहण्याचं शास्त्र. विलायतेची पदवी घेऊन आलेल्या डॉक्टरला मुंबईत दवाखाना थाटून चांगली कमाई करता आली असती. खानोलकरांनी शिकवण्याची वाट धरली. आधी ग्रँट मेडिकल कॉलेज आणि मग परळचं सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज. के.ई.एम. रुग्णालयाला जोडलेलं हे कॉलेज 1926 मध्ये सुरू झालं होतं आणि तिथला विकृतिशास्त्र विभाग उभा करण्यात त्यांचा मोठा वाटा होता.

28 फेब्रुवारी 1941 रोजी परळलाच टाटा मेमोरियल रुग्णालय उघडलं. खानोलकर तिथल्या प्रयोगशाळांचे आणि संशोधनाचे प्रमुख झाले. वय शेहेचाळीसच्या आसपास. खरं काम इथून पुढे सुरू झालं.

त्या काळी कर्करोग हा पाश्चात्यांचा रोग, आपल्याकडे तो फारसा नाही, असा समज डॉक्टरांतही होता. खानोलकरांच्या टेबलावर येणारे नमुने वेगळंच सांगत होते. रुग्णाच्या तोंडातून काढलेला लहानसा तुकडा मेणात बसवायचा, त्याचे कागदाहून पातळ काप काढायचे, गुलाबी-जांभळ्या रंगात रंगवायचे आणि भिंगाखाली पाहायचे. निरोगी गालाच्या अस्तरात पेशी थरांनी नीट रचलेल्या दिसतात. कर्करोगात ही रचना मोडते, पेशी वेड्यावाकड्या वाढतात आणि खालचा पडदा फोडून आत घुसतात. एक नमुना पाहून रोगाचं नाव कळतं. कारण कळायला शेकडो नमुने लागतात, आणि प्रत्येक नमुन्यामागचा माणूस काय खातो, काय चघळतो, काय ओढतो, तेही लागतं.

खानोलकरांनी दोन्ही केलं. मुंबईतल्या तोंडाच्या कर्करोगाच्या लागोपाठ आलेल्या 1000 रुग्णांचा आढावा त्यांनी 1944 मध्ये प्रसिद्ध केला. यातला लागोपाठ हा शब्द महत्त्वाचा. सोयीचे रुग्ण निवडायचे नाहीत, दारात येईल तो मोजायचा. आपले गणिताचे सर उत्तरपत्रिकेत सोयीची पायरी गाळू देत नसत, तसाच हा प्रकार. दुसऱ्या वर्षी सहकारी सूर्याबाई यांच्यासोबत त्यांनी चालीरीतींशी जोडलेल्या कर्करोगांवर निबंध लिहिला. त्यात कंबरेला वर्षानुवर्षं घट्ट धोतर नेसल्याने होणारा कर्करोग होता, तसाच खालच्या ओठाच्या आत खैनी धरून ठेवणाऱ्यांना तिथेच होणारा कर्करोगही होता. रोगाची जागा आणि सवयीची जागा एकच, हे सूत्र त्यातून पुढे आलं. गालात तंबाखूचा विडा धरणाऱ्याला गालातच दुखणं का येतं, याचं उत्तर नशिबात नसून सवयीत आहे, हे त्यातून कळत गेलं.

1955 मध्ये डॉ. एल. डी. संघवी आणि राव यांच्यासह त्यांचा आणखी एक अभ्यास ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. रुग्णांच्या सवयी आणि इतरांच्या सवयी शेजारी ठेवून त्यांनी तुलना केली. चघळण्याचा संबंध मुख्यतः तोंडाच्या कर्करोगाशी, तर ओढण्याचा घशाकडच्या भागाशी, असं चित्र दिसलं. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांवर इंग्लंड-अमेरिकेत वाद रंगला होता, त्याच वर्षांत परळमध्ये हे काम चाललं होतं.

1952 मध्ये इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर स्थापन झालं आणि खानोलकर त्याचे पहिले संचालक झाले. माणसं घडवण्याची त्यांची हातोटी इथे दिसते. पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेल्या कमल रणदिवे यांनी त्यांच्याच मार्गदर्शनाखाली 1949 मध्ये पीएच.डी. मिळवली होती. पुढे त्या अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्याकडे ऊतिसंवर्धन, म्हणजे शरीराबाहेर काचपात्रात जिवंत पेशी वाढवण्याचं तंत्र, शिकून आल्या आणि परळच्या केंद्रात त्यांनी ते रुजवलं. रणदिवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1976 मध्ये सुपारी आणि तंबाखूच्या कर्ककारक परिणामांवरचे प्राण्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. गुरूने रुग्णांत पाहिलेलं शिष्येने प्रयोगशाळेत तपासायला घेतलं.

सगळंच जमलं असं नाही. कुष्ठरोगाच्या जंतूंचं मज्जातंतूंशी असलेलं नातं खानोलकरांनी बारकाईने अभ्यासलं होतं. रणदिवे आणि बापट यांच्यासह त्यांनी कुष्ठरुग्णाच्या गाठीतून एक जंतू प्रयोगशाळेत वाढवला. पण तो खरोखर कुष्ठरोगाचाच जंतू आहे का, यावर मोठा वाद झाला आणि शास्त्रज्ञांनी ते मान्य केलं नाही. तरीही काम वाया गेलं नाही. त्याच जंतूपासून पुढे कुष्ठरोगावरची लस तयार झाली आणि तिच्या चाचण्याही झाल्या.

मान बराच मिळाला. पद्मभूषण, राष्ट्रीय संशोधन प्राध्यापकपद, आंतरराष्ट्रीय कर्करोग संघटनेचं अध्यक्षपद, अणुकिरणांच्या परिणामांवरच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीत भारताचं प्रतिनिधित्व आणि 1960 ते 1963 मुंबई विद्यापीठाचं कुलगुरुपद. 29 ऑक्टोबर 1978 रोजी त्यांचं निधन झालं. आज खारघरला टाटा केंद्राच्या संशोधन संकुलात त्यांच्या नावाची खानोलकर शोधिका आहे.

2004 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने नुसती सुपारीसुद्धा, तंबाखू नसली तरी, माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या यादीत घातली. 2012 मध्ये महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली. अंधेरी स्टेशनबाहेर पुड्या अजून मिळतात, हे मी तुम्हाला सांगायला नको.

आता लिहायला जड जाणारी गोष्ट. आपल्या वर्गातला एक जण, शेवटच्या बाकावर बसून सगळ्यांना हसवणारा, माझ्याकडे दाढ दुखते म्हणून आला. गालात आत पांढरा चट्टा होता. मी तुकडा तपासायला पाठवू या म्हटलं. लग्नसराई उरकू दे, मग बघू, असं म्हणून तो गेला, आणि मीही पुन्हा फोन केला नाही. आठ महिन्यांनी तो आला तेव्हा त्याचं तोंड दोन बोटंही उघडत नव्हतं. यंदाच्या संमेलनात तो नसेल. खानोलकरांनी 1944 मध्ये 1000 माणसं मोजली होती. मला एकाला दोनदा फोन करणं जमलं नाही.

म्हणून एक विनंती. जेवणाच्या सुट्टीत जुन्या विज्ञान प्रयोगशाळेत मी एक खुर्ची, टॉर्च आणि आरसा घेऊन बसणार आहे. दोन मिनिटांचं काम आहे. सुपारी खाणाऱ्यांनी, तंबाखू मळणाऱ्यांनी आणि आपण काहीच खात नाही असं बायकोला सांगणाऱ्यांनी आधी यावं. सरांनी आणि बाईंनीही यावं. रांग लावायची सवय त्यांनीच आपल्याला लावली आहे.