गानकोकिळा जेनी लिंड

एकोणिसाव्या शतकांत युरोपखंडांत ज्या थोर गायिका होऊन गेल्या, त्यांत जेनी लिंड हिचें नांव अग्रभागीं आहे. स्वीडन देशाची कोकिळा म्हणून युरोप व अमेरिका या दोन्ही खंडांत तिची ख्याति होती. तिचा आवाज सोप्रानो, म्हणजे स्त्रीकंठांतील सर्वांत उंच पट्टीचा होता. तो आवाज आज आपणांस ऐकावयास मिळत नाहीं. परंतु तिचें चरित्र विद्यार्थ्यांनीं मननपूर्वक वाचण्यासारखें आहे. गोड गळा ही देणगी खरी, पण ती जपावी कशी आणि कोणत्या कामीं लावावी, हें ज्याचें त्यानेंच ठरवावयाचें असतें.

जेनीचा जन्म ६ ऑक्टोबर १८२० रोजीं स्टॉकहोम शहरीं झाला. तिची आई मुलींची एक लहानशी शाळा चालवीत असे. घरीं पैशाची ओढाताण, आईचा स्वभाव करारी. अशा घरांत या मुलीचा विरंगुळा म्हणजे गाणें. ती नऊ वर्षांची असतां खिडकीशीं बसून आपल्या मांजरीला गाणें ऐकवीत होती. राजनाट्यगृहांतील एका नर्तकीच्या दासीनें तें रस्त्यावरून ऐकलें व आपल्या मालकिणीस सांगितलें. नर्तकीनें मुलीला बोलावून तिची परीक्षा घेतली. रंगभूमीचा धंदा आईला मुळींच पसंत नव्हता. पण अखेरीस तिनें संमति दिली. १८३० सालीं जेनी राजनाट्यगृहाच्या शाळेंत दाखल झाली व तिच्या शिक्षणाचा आणि अन्नवस्त्राचा भार त्या संस्थेनें उचलला.

७ मार्च १८३८ रोजीं वेबरच्या एका संगीत नाटकांत तिनें प्रमुख भूमिका केली. त्या दिवसाला ती पुढें आपला दुसरा जन्मदिवस मानीत असे. विसाव्या वर्षीं तिला राजदरबारच्या गायिकेचा मान मिळाला. पण या वैभवाच्या पोटींच संकट वाढत होतें. कोवळ्या वयांत, पुरेशा शिक्षणावांचून, वारंवार गावें लागल्यामुळें तिचा आवाज फाटूं लागला. टाळ्यांचा कडकडाट चालूच होता. दोष प्रथम ओळखला तो तिनें स्वतःच. १८४१ सालीं मानाची जागा सोडून ती पॅरिसला मॅन्युएल गार्सिया या नामांकित गायनाचार्यांकडे गेली. त्यांनीं आवाज तपासून कठोर निर्णय दिला: गळा थकून गेला आहे, कित्येक आठवडे गाणें पूर्ण बंद ठेवावें, त्यानंतर शिकविण्याचा विचार करूं. ज्या मुलीचें सर्वस्व गळ्यांत, तिला मौनाची ही शिक्षा केवढी जड वाटली असेल! पण तिनें ती आज्ञा अक्षरशः पाळली. मग धडे सुरू झाले. राजधानीनें डोक्यावर घेतलेली ही गायिका अगदीं नवशिक्या मुलीप्रमाणें सावकाश सप्तक चढे व उतरे, श्वास केव्हां घ्यावा तें शिके. सुमारें वर्षभरानें ती मायदेशीं परतली ती नवा कंठ घेऊनच.

यानंतर डेन्मार्क, जर्मनी, ऑस्ट्रिया व इंग्लंड या देशांत तिची कीर्ति पसरली. कोपनहेगन येथें मुलांचा लाडका कथाकार हान्स अँडरसन तिच्या गायनानें भारून गेला. लायप्झिगचा संगीतकार मेंडेल्सझोन याच्याशीं तिचा निकट स्नेह जुळला. सेबास्टियन बाख हा जर्मन संगीतकार १७५० सालीं वारला व त्याच्या महान् रचना जवळजवळ विस्मृतींत गेल्या होत्या. त्यांतील एक मेंडेल्सझोननें १८२९ सालीं बर्लिन येथें पुन्हां लोकांपुढें आणली होती. अशा मित्राच्या सहवासांत जुन्या पवित्र संगीताविषयीं तिचा आदर वाढला. 'एलिया' या आपल्या संगीतकाव्यांतील सोप्रानोचा भाग त्यानें तिचा आवाज मनांत धरून रचिला होता. पण तो तिच्या तोंडून ऐकण्यापूर्वींच १८४७ सालीं तो वारला. पुढच्याच वर्षीं लंडन येथें तिनें तो भाग गाइला आणि उत्पन्नांतून मित्राच्या स्मरणार्थ एक शिष्यवृत्ति उभी राहिली.

१८४९ सालीं वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षीं, कीर्ति शिखरावर असतां, तिनें नाटकाच्या रंगभूमीचा कायमचा निरोप घेतला. यापुढें केवळ जलशांतून व धर्मसंगीतांतूनच गावयाचें, असा तिचा निश्चय होता. त्याच सुमारास नॉर्विच शहरीं तिनें दिलेल्या जलशांच्या पैशांतून लहान मुलांचा दवाखाना निघाला. १८५० सालीं बार्नम नांवाच्या खेळवाल्याशीं करार करून ती अमेरिकेस गेली. तेथें तिकिटांचे लिलांव झाले. न्यूयॉर्कच्या एका टोपीविक्यानें पहिलें तिकीट २२५ डॉलरला घेतलें! पहिल्याच जलशांतील आपल्या वांट्याची सुमारें दहा हजार डॉलरांची रक्कम तिनें त्या शहरांतील धर्मादाय संस्थांना वांटून दिली. या दौऱ्याच्या मिळकतींतील मोठा भाग स्वीडनमधील गरीब मुलांच्या शाळांसाठीं तिनें राखून ठेविला. ९० हून अधिक जलशांनंतर बार्नमशीं संबंध तोडून ती स्वतंत्रपणें गाऊं लागली. १८५२ सालीं बोस्टन येथें ऑटो गोल्डश्मिट या पियानोवादकाशीं तिचा विवाह झाला.

पुढें हें कुटुंब इंग्लंडांत स्थायिक झालें. १८७५ सालीं लंडन येथें बाख गायकमंडळ स्थापन झालें व गोल्डश्मिट त्याचे चालक झाले. बाखचा बी मायनर मास हा प्रचंड ग्रंथ इंग्लंडांत पूर्वीं कधींच संपूर्ण गाइला गेला नव्हता. त्यासाठीं हौशी स्त्रियांचे आवाज तयार करण्याचें काम जेनीनें पत्करलें. जिच्या एकटीच्या गाण्यासाठीं लोक रस्त्यांत दाटी करीत, ती पंचावन्नाव्या वर्षीं समूहगायकांच्या रांगेंत उभी राहून त्यांचे स्वर सुधारूं लागली. २६ एप्रिल १८७६ रोजीं तो मास लंडनमध्यें गाइला गेला. जुनें संगीत पुन्हां जिवंत करण्याच्या कार्यांत हा दिवस मोलाचा होय. १८८३ सालीं रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्यें गायनाची अध्यापिका म्हणून तिची नेमणूक झाली. त्याच वर्षीं मॅल्व्हर्न येथें रेल्वेच्या नोकरांच्या मदतनिधीसाठीं ती शेवटचें जाहीर गाइली.

२ नोव्हेंबर १८८७ रोजीं मॅल्व्हर्नच्या टेकड्यांतील आपल्या घरीं ती निवर्तली. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्यें हँडेलच्या पुतळ्याखालीं १८९४ सालीं तिची स्मृतिशिला बसविण्यांत आली, आणि १९९६ सालीं स्वीडननें पन्नास क्रोनरच्या नोटेवर तिचें चित्र छापलें.

वाचकहो, जगानें जेनीच्या गळ्याचें कौतुक केलें तें यथायोग्यच होतें. पण कीर्ति मिळाल्यावरहि पुन्हां पहिल्या धड्यापासून शिकावयास बसण्याची तिची तयारी नसती, तर तो गळा विसाव्या वर्षींच मुका झाला असता. आणि चार आवाजांत आपला आवाज मिसळण्याची नम्रता तिच्या ठायीं नसती, तर बाखच्या त्या गायनांत तिचा वांटा राहिला नसता. शिक्षकांनीं पुन्हां मुळाक्षरें गिरवावयास सांगितलीं कीं आपणांस अपमान वाटतो. तेव्हां पॅरिसमध्यें मुकाट्यानें आठवडे मोजणाऱ्या त्या राजगायिकेचें स्मरण ठेवावें.