झाडाच्या पाण्याचा माग काढणारे जगदीशचंद्र

राजापेठ, अमरावती : शेतकरी बंधूंनो, बहारासाठी संत्र्याला ताण दिला की पान मलूल होते, पाणी सोडले की झाड पुन्हा तरारते. हे तुम्हाला नवे नाही. पण मुळाशी दिलेले पाणी शेंड्यापर्यंत चढते कसे? या प्रश्नामागे वर्षानुवर्षे लागलेले शास्त्रज्ञ म्हणजे जगदीशचंद्र बोस.

त्यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ चा, आज बांगलादेशात असलेल्या मैमनसिंगचा. वडील सरकारी अधिकारी, तरी पोराला आधी घातले ते गावच्या बंगाली शाळेत, शेतकऱ्यांच्या नि कोळ्यांच्या पोरांसोबत. पुढे कलकत्ता आणि केंब्रिजला शिकून १८८५ साली ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले. गोऱ्या प्राध्यापकांपेक्षा पगार कमी! त्यांनी तीन वर्षे पगारच घेतला नाही, शिकवणे मात्र सुरू ठेवले. शेवटी सरकारला मागच्या बाकीसह पूर्ण पगार द्यावा लागला.

आधी बिनतारी लहरींवर काम केले, मग ते झाडांकडे वळले. झाडाची वाढ दहा हजार पट मोठी करून दाखवणारे क्रेस्कोग्राफ हे यंत्र त्यांनी बनवले. १९१७ साली कलकत्त्यात स्वतःची संशोधन संस्था उभारली. झाडात पाणी कसे चढते यावर १९२३ साली ग्रंथ लिहिला. खोडातल्या पेशी नाडीसारखे ठोके देत पाणी वर ढकलतात, असे त्यांचे मत होते. ते पुढे टिकले नाही. पानातून पाण्याची वाफ उडते आणि तिच्या ओढीने खालचे पाणी वर खेचले जाते, हे आज मान्य आहे. म्हणजे पाण्याचा लगाम पानाच्या हातात!

पानाला बारीक तोंडे असतात, त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. कार्बन डायऑक्साइड त्यातूनच आत येतो आणि पाणी त्यातूनच बाहेर जाते. बोस जन्मले तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत हा वायू २८५ भागांच्या आसपास होता. आज तो ४२० च्या वर गेला आहे. वायू मुबलक मिळाला की ही तोंडे थोडी मिटतात. मोकळ्या शेतात हा वायू ५५० भागांपर्यंत वाढवून प्रयोग झाले, त्यात रंध्रांची उघड सरासरी पाचव्या हिश्शाने घटली.

मग ओलित कमी लागेल का? बंधूंनो, इथेच घाई करू नका. त्याच वायूने उन्हाळा तापतो, आणि तापलेली हवा पानातून जास्त पाणी ओढते. झाडाला पाने जास्त फुटली तर पाणी उडवणारी जागाही वाढते. एका पानाने वाचवलेले पाणी अख्ख्या बगिच्यात असे खर्ची पडू शकते.

बोसांचे १९२४ सालचे पुस्तक पाने हवेतून अन्न कसे बनवतात यावर आहे. हायड्रिला नावाची पाणवनस्पती उन्हाळ्यात हे काम वेगळ्या रीतीने करते, असे त्यांना दिसले होते. तशाच प्रकारची रीत १९६० च्या दशकात उसात नि मक्यात नीट उलगडली. ज्वारीही त्याच जातकुळीतली, म्हणून ती थोड्या पाण्यात जास्त कडबा देते. संत्रा, पऱ्हाटी, तूर यांना ती सोय नाही.

२३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे बोसांचे निधन झाले. त्यांचे एक मत चुकले, पण मोजमापाची सवय खरी ठरली. ती आपण घ्यावी. वरुड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात भूजल किती खोल गेले, हे सांगायला नको. हवा आपले पाणी वाचवील या भरवशावर नवी बोअर मारू नका. विहिरीची पातळी पावसाळ्यानंतर एकदा आणि उन्हाळ्यात एकदा मोजून वहीत टिपा. सरपंचांनी तो आकडा ग्रामसभेत वाचून दाखवावा, आणि मगच गावाने नव्या बगिच्याचा विचार करावा.