पर्सिव्हल क्रिस्टोफर रेन
पर्सिव्हल क्रिस्टोफर रेन (१ नोव्हेंबर, इ.स. १८७५ – २२ नोव्हेंबर, इ.स. १९४१) हे इंग्रज शिक्षणतज्ज्ञ व कादंबरीकार होते. तत्कालीन मुंबई इलाख्यात, कराचीच्या हायस्कुलात, ते मुख्याध्यापक होते. भारतीय शाळांत इंग्रजी प्रत्यक्ष पद्धतीने कसे शिकवावे, यावर त्यांनी १९११ मध्ये पुस्तक लिहिले. या पद्धतीत शिक्षक भाषांतराचा आधार न घेता वस्तू व कृती दाखवीत इंग्रजीतच बोलतो. विद्यार्थी आधी ऐकून अर्थ जाणतो, मग बोलतो आणि त्यानंतर वाचन-लेखनाकडे वळतो. ‘बो जेस्ट’ (१९२४) या कादंबरीने त्यांना जगभर कीर्ती मिळाली. महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांना मात्र ते ‘रेन अँड मार्टिन’ या व्याकरणामुळेच परिचित आहेत. श्रवणाला अग्रस्थान देणाऱ्या पद्धतीचा हा पुरस्कर्ता नियमांच्या पुस्तकामुळे स्मरणात राहिला.