रोगजंतूंचा अभ्यासक : वाल्देमार हाफकिन

मुंबईतील परळच्या हाफकिन संस्थेचे नाव ज्याने ऐकले नाही, असा मराठी वाचक विरळाच. परंतु ज्या थोर शास्त्रज्ञाचे ते नाव, त्याचे चरित्र थोड्यांनाच ठाऊक असते.

वाल्देमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरी एका यहुदी कुटुंबात झाला. पुढे पॅरिसच्या पाश्चर संस्थेत ग्रंथपालाची नोकरी पत्करून त्यांनी जंतुशास्त्राची साधना केली. पटकीचा जंतू एका गिनीपिगच्या उदरातून दुसऱ्याच्या उदरात वारंवार नेला की त्याची मारकशक्ती वाढे. उष्ण हवेत वाढविला की ती क्षीण होई. आधी क्षीण व नंतर तीव्र जंतू टोचण्याची रीत त्यांनी सिद्ध केली आणि १८ जुलै १८९२ रोजी ती प्रथम स्वतःवरच अजमावली. जंतूंच्या अगणित संततीत काहींच्या जनुकांत बदल होतो व परिस्थितीस अनुकूल तेवढे टिकतात, हे रहस्य विज्ञानाला पुढे उमगले.

१८९३ मध्ये ते भारतात आले व बंगालात त्यांनी हजारो लोकांना पटकीची लस टोचली. १८९६ साली मुंबईत प्लेगने हाहाकार उडविला, तेव्हा सरकारने त्यांना तेथे पाचारण केले. तुपाचे थेंब सोडलेल्या मांसरसात प्लेगचे जंतू वाढवून व उष्णतेने मारून त्यांनी नवी लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी तीही प्रथम स्वतःच टोचून घेतली.

परंतु सत्त्वपरीक्षा पुढेच होती. १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल गावी एकाच बाटलीतील लस टोचलेले १९ लोक धनुर्वाताने दगावले. दोष हाफकिन यांच्या माथी आला व त्यांना पदावरून दूर व्हावे लागले. १९०७ साली ते निर्दोष ठरले. तरी गेलेली वर्षे परत आली नाहीत. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेस त्यांचे नाव देण्यात आले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांचे कार्य मात्र संपलेले नाही. १९९२ साली मद्रासेत पटकीच्या जंतूचा ओ-१३९ हा निराळा प्रकार प्रकटला. त्याचे बाह्य आवरणच बदललेले असल्याने जुन्या प्रकारावरील लस त्याच्यापुढे निष्प्रभ ठरली. शत्रू वेष पालटतो, म्हणून पहारेकऱ्यानेही सदैव जागे राहावयास हवे. विद्यार्थी मित्रांनो, अपकीर्ती सोसूनही सत्यावरील निष्ठा न सोडणाऱ्या या शास्त्रज्ञाचे ऋण अखंड अभ्यासानेच फिटेल.