स्क्रीमिंग जे हॉकिन्स

जालेसी जे. हॉकिन्स ऊर्फ स्क्रीमिंग जे हॉकिन्स (१८ जुलै १९२९, क्लीव्हलँड, ओहायो – १२ फेब्रुवारी २०००, न्यूई-स्युर-सेन, फ्रान्स) हे अमेरिकन गायक, गीतकार, पियानोवादक आणि अभिनेते होते. १९५६ साली ध्वनिमुद्रित झालेले 'आय पुट अ स्पेल ऑन यू' हे त्यांचे सर्वाधिक प्रसिद्ध गीत. शवपेटीतून रंगमंचावर प्रकट होणे, काठीवर कवटी मिरवणे, रबरी साप अंगावर खेळवणे अशा भयनाट्यामुळे त्यांना 'शॉक रॉक' या प्रकाराचे आद्य प्रवर्तक मानले जाते. ऑपेरा गायक होण्याची त्यांची इच्छा मात्र अखेरपर्यंत अपुरी राहिली.

प्रारंभिक जीवन

हॉकिन्स यांच्या बालपणाविषयीची बहुतेक माहिती त्यांनी स्वतःच वेळोवेळी सांगितलेली आहे आणि ती सांगताना पदरचे मीठमसाले घालण्यास ते कधी कचरत नसत. त्यामुळे चरित्र अभ्यासणाऱ्याला येथे सावधपणे पुढे जावे लागते. तान्हेपणीच आईपासून दुरावलेल्या या मुलाचे संगोपन ब्लॅकफूट या मूलनिवासी जमातीतील कुटुंबाने केले, असे ते सांगत. लहान वयातच ते पियानो शिकले. पॉल रोबसन आणि एन्रिको कारुसो हे त्यांचे आदर्श होते. रोबसन हे खर्जातील गंभीर आवाजाचे कृष्णवर्णीय गायक आणि कारुसो हे इटालियन ऑपेराचे विख्यात गायक. या दोन नावांवरूनच तरुण जालेसीची दिशा कोणती होती हे स्पष्ट होते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वय खोटे सांगून ते सैन्यात दाखल झाले. सैन्यात त्यांनी मुष्टियुद्धही केले आणि १९४९ मध्ये अलास्काचे मध्यम वजनी गटाचे विजेतेपद मिळवले, असा त्यांचा दावा होता. युद्धकैदी म्हणून सोसलेल्या छळाच्या ज्या कथा ते रंगवून सांगत, त्यांवर अभ्यासकांनी शंका घेतली आहे.

संगीतक्षेत्रात प्रवेश

१९५१ मध्ये ते गिटारवादक टायनी ग्राइम्स यांच्या वाद्यवृंदात दाखल झाले. तेथे मोटार चालवणे, कपड्यांची देखभाल करणे आणि अधूनमधून गाणे अशी तिहेरी चाकरी त्यांना करावी लागे. ग्राइम्स यांचा वृंद 'रॉकिंग हायलँडर्स' या नावाने स्कॉटिश झगे घालून वाजवीत असे. पोशाख आणि सोंग यांनीही प्रेक्षक खेचता येतो, हा धडा हॉकिन्स यांना येथे जवळून पाहायला मिळाला असावा. पुढे स्वतंत्रपणे गाताना ते भडक रंगांचे आणि बिबट्याच्या कातड्यासारखे छापील कपडे वापरू लागले. या काळातील त्यांच्या ध्वनिमुद्रिकांना फारसे यश मिळाले नाही.

'आय पुट अ स्पेल ऑन यू'

या शीर्षकाचा अर्थ मराठीत 'मी तुझ्यावर करणी केली' असा सांगता येईल. सोडून जाणाऱ्या प्रेयसीला उद्देशून रचलेले हे मूळचे संथ, आर्त प्रेमगीत होते आणि फिलाडेल्फियातील ग्रँड या छोट्या कंपनीसाठी त्याचे पहिले मुद्रण त्याच धाटणीत झाले होते. त्याची कोणी दखल घेतली नाही.

सप्टेंबर १९५६ मध्ये ओके या कंपनीसाठी ते पुन्हा मुद्रित झाले. निर्माते अर्नोल्ड मॅक्सिन यांना पहिल्या आवृत्तीत काहीतरी उणे वाटत होते. हॉकिन्स यांच्या सांगण्यानुसार मॅक्सिन यांनी मुद्रणगृहात खाद्यपदार्थ आणि भरपूर मद्य मागवले. सगळे वादक यथेच्छ प्याले आणि त्या अवस्थेत गाणे मुद्रित झाले. गिटारवर मिकी बेकर, सॅक्सोफोनवर सॅम टेलर आणि ड्रमवर पनामा फ्रान्सिस असे न्यूयॉर्कचे कसलेले वादक साथीला होते. आपण काय गायलो हे हॉकिन्स यांना दुसऱ्या दिवशी आठवेना. तबकडी हाती आल्यावर स्वतःच्याच किंकाळ्या, घुरघुर आणि विकट हास्य ऐकून, शुद्धीवर असताना ते पुन्हा शिकून घ्यावे लागले, असे ते सांगत. ही हकिकत थोडी वाढवून सांगितलेली असेलही. पण गाणे वाल्ट्झच्या संथ तीन मात्रांच्या ठेक्यात डोलत असताना वर आवाज मात्र हळूहळू ताबा सोडत जातो, हे तबकडीत स्पष्ट ऐकू येते. नीट ऐकले तर त्या आरडाओरड्याखाली ऑपेरासाठी घडवलेला, भरदार आणि श्वासावर हुकमत असलेला आवाज ओळखता येतो.

अनेक नभोवाणी केंद्रांनी गाण्यावर बंदी घातली. त्यातील कण्हणे-कुंथणे अश्लील आणि नरमांसभक्षणाचे सूचक आहे, असा आक्षेप होता. कंपनीने आक्षेपार्ह भाग कापून नवी आवृत्ती काढली, तरी बंदी फारशी सैल झाली नाही. राष्ट्रीय क्रमवारीत हे गाणे कधीच आले नाही. तरीही त्याच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या, असे सांगितले जाते.

शवपेटी आणि वाद

नभोवाणीवरील निवेदक आणि रॉक अँड रोलचे प्रवर्तक ॲलन फ्रीड यांनी हॉकिन्स यांना शवपेटीतून रंगमंचावर येण्याची कल्पना सुचवली. हॉकिन्स यांनी आधी साफ नकार दिला. शवपेटीत माणूस एकदाच जातो, ही त्यांची भूमिका होती. फ्रीड यांनी ३०० डॉलर पुढे केल्यावर नकाराचा होकार झाला. त्यानंतर लांब झगा, नाकात हाड, धुराचे लोट आणि 'हेन्री' नावाची, काठीवर बसवलेली, तोंडात सिगारेट धरलेली कवटी असा सरंजाम वाढत गेला. सहकलाकारांनी एकदा गमतीने पेटीची कडी बाहेरून लावली आणि आपण आत गुदमरत राहिलो, अशी आठवण ते सांगत.

हा खेळ कोणत्या काळात चालला होता हे लक्षात घेतले पाहिजे. गाणे मुद्रित झाले तेव्हा अलाबामातील माँटगोमेरी येथे कृष्णवर्णीयांचा बसबहिष्कार चालू होता आणि अमेरिकेत नागरी हक्कांचा लढा आकार घेत होता. अशा वेळी एक कृष्णवर्णीय गायक नाकात हाड घालून, भाला हाती घेऊन मांत्रिकाचे सोंग आणतो, हे त्या समाजातील अनेकांना अपमानकारक वाटले. गोऱ्यांच्या मनातील 'रानटी आफ्रिकन' या प्रतिमेलाच तो खतपाणी घालतो, अशी टीका झाली. 'मिस्टर रॉक अँड रोल' (१९५७) या चित्रपटातील त्यांचे दृश्यही अखेर वगळण्यात आले. दुसऱ्या बाजूने असे म्हटले जाते, की हॉकिन्स ती प्रतिमा इतकी फुगवून दाखवत की तिच्यातील हास्यास्पदपणाच उघडा पडे. दोन्ही मतांत तथ्य आहे. केनियातील वसाहतविरोधी उठावाचे नाव घेऊन त्यांनी पुढे 'फीस्ट ऑफ द माऊ माऊ' हे गाणे केले, त्यात उपहास किती आणि धंदा किती, हे ठरवणे सोपे नाही.

१९५८ मध्ये एपिक कंपनीने त्यांचा 'ॲट होम विथ स्क्रीमिंग जे हॉकिन्स' हा गीतसंग्रह काढला. त्यात करणीच्या गाण्याशेजारीच 'ओल्ड मॅन रिव्हर' हे रोबसन यांच्या नावाशी कायमचे जोडले गेलेले गीत आणि 'आय लव्ह पॅरिस' यांसारखी सुश्राव्य गाणी आहेत. आपल्याला गंभीर गायक म्हणून ऐकावे, यासाठी त्यांनी केलेला हा बहुधा सर्वांत ठळक प्रयत्न होय. श्रोत्यांना मात्र शवपेटीच हवी होती. भय दाखवणारा कलाकार म्हणूनच आपल्याला ओळखले जाते, साधे गाता येत नाही, ही खंत त्यांनी पुढे अनेकदा व्यक्त केली.

उत्तरार्ध

१९६० च्या दशकात त्यांचा काही काळ हवाईमध्ये गेला. युरोपातही दौरे झाले. १९६९ च्या सुमारास आलेले 'कॉन्स्टिपेशन ब्लूज' हे बद्धकोष्ठाच्या व्यथेवरचे गाणे त्यांचे दुसरे गाजलेले गीत ठरले. ब्लूजमध्ये प्रेम, विरह आणि दारिद्र्य यांवर गाणी आहेत, पण या सार्वत्रिक दुःखावर कोणीच लिहिले नाही, असा त्यांचा युक्तिवाद असे. पुढे फ्रेंच दूरचित्रवाणीवर त्यांनी सर्ज गेन्सबूर यांच्यासह ते सादर केले.

दरम्यान त्यांचे मुख्य गाणे इतरांच्या गळ्यात अधिक प्रतिष्ठित झाले. नीना सिमोन यांनी १९६५ मध्ये ते गंभीर, भारदस्त शैलीत गायले. क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल या गटाची १९६८ ची आवृत्ती अमेरिकन क्रमवारीत ५८ व्या स्थानापर्यंत पोहोचली, म्हणजे मूळ गायकाला जे कधी साधले नाही ते तिला साधले.

दिग्दर्शक जिम जारमुश यांनी 'स्ट्रेंजर दॅन पॅरडाइज' (१९८४) या चित्रपटात मूळ गाणे वापरल्याने नव्या पिढीला हॉकिन्स यांची ओळख झाली. जारमुश यांच्याच 'मिस्टरी ट्रेन' (१९८९) मध्ये त्यांनी मेम्फिसमधील एका जुनाट हॉटेलच्या रात्रपाळीच्या कारकुनाची भूमिका केली. लाल सूट घातलेला हा कारकून मोजकेच बोलतो आणि एकदाही किंचाळत नाही. या भूमिकेसाठी त्यांना इंडिपेंडंट स्पिरिट पुरस्काराचे नामांकन मिळाले. नंतर 'अ रेज इन हार्लेम' (१९९१) आणि 'पेर्दिता दुरांगो' (१९९७) या चित्रपटांतही ते दिसले. १९९३ मध्ये टॉम वेट्स यांच्या 'हार्टअटॅक अँड व्हाइन' या गीताची त्यांची आवृत्ती जाहिरातीत वापरली गेल्याने ब्रिटनमध्ये गाजली. मात्र वेट्स यांची संमती नसल्याने त्यावरून वाद झाला.

मृत्यू आणि प्रभाव

आयुष्याच्या अखेरच्या काळात हॉकिन्स फ्रान्समध्ये स्थायिक झाले होते. धमनीविस्फारावरील शस्त्रक्रियेनंतर १२ फेब्रुवारी २००० रोजी वयाच्या ७० व्या वर्षी पॅरिसनजीक त्यांचे निधन झाले. अनेक विवाह केलेल्या हॉकिन्स यांनी आपल्याला पन्नासहून अधिक मुले असल्याचे सांगितले होते. मृत्यूनंतर त्यांच्या परिचितांनी या मुलांचा शोध सुरू केला आणि तिसाहून अधिक जणांचा पत्ता लागला. त्यांपैकी अनेकांना वडिलांची ओळख केवळ तबकडीवरील आवाजापुरतीच होती.

इंग्लंडमधील स्क्रीमिंग लॉर्ड सच यांनी नावातील विशेषणासह शवपेटीही उचलली. आर्थर ब्राउन यांनी १९६८ च्या आपल्या गीतसंग्रहात करणीचे गाणे घेतले आणि डोक्यावर पेटता मुकुट घालून ते रंगमंचावर येऊ लागले. ॲलिस कूपर आणि मॅरिलिन मॅन्सन यांच्या रंगमंचीय भयनाट्याची परंपराही हॉकिन्स यांच्यापर्यंत मागे नेली जाते. मॅन्सन यांनीही हेच गीत गायले आहे. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने या संगीतप्रकाराला आकार देणाऱ्या ५०० गीतांच्या यादीत त्याचा समावेश केला आहे.